काळ्या नकाशातलं कडं

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी चमत्कार वगैरे असल्या गोष्टी मानत नाही. आणि नुसती मानत नाही असंही नाही, 'मानू नका' हे सांगत गावोगाव फिरलेली मुलगी आहे मी. कराडला इंजिनिअरिंग करताना आमच्या ग्रुपने जत्रांमधून पत्रकं वाटली, अंगात येणाऱ्या बायकांसमोर उभं राहून प्रश्न विचारले, शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली. त्यातली अर्धी पत्रकं माझ्या हातची. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिताना मला काय वाटतंय ते माझं मला माहीत. पण घडलेलं लपवायचं हाही खोटेपणाच की.

तर... २००५ चा ऑक्टोबर. मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला एम.एस. करत होते, दुसरं वर्ष. पार्सिपनीला खांबेटे काका-काकू राहतात. मी पहिल्यांदा अमेरिकेत उतरले तेव्हा तिथल्या मराठी मंडळातर्फे मला एअरपोर्टवर घ्यायला काका आले होते, तेव्हापासूनची ओळख. काका मूळचे पुण्याचे, इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले. जाड भिंगांचा चष्मा. दर शनिवारी सकाळी ते आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत भाजी-किराणा घ्यायला यायचे आणि परत जाताना मला गाडीत घालून घरी न्यायचे. काकूंच्या हातचं जेवण, दुपारभर गप्पा, संध्याकाळी परत सोडणं. घरापासून इतक्या लांब असलेल्या मुलीला अजून काय पाहिजे?

रिटायर झाल्यावर काकांना कॉम्प्युटर गेमचं वेड लागलं होतं. मारामारीचे नाही, डावपेचांचे. एक मोठा नकाशा असतो, सुरुवातीला सगळा काळा. आपला सरदार घोड्यावरून जसजसा फिरेल तसतसा उघडत जातो. वाटेत लाकडाचे ढीग, खनिजं, मोहरांच्या पेट्या पडलेल्या असतात, त्या गोळा करायच्या, सैन्य उभं करायचं. पण काकांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हिरव्या गवतावरचा तपकिरी लाकडाचा ढीग त्यांना दिसायचाच नाही! त्याच्या शेजारून घोडा न्यायचे आणि हरायचे.

"बघ ना," काका म्हणायचे, "शत्रूने मला हरवलं तर चालेल. गवताने हरवलं!"

मला खरंच संताप आला. एवढा मोठा गेम बनवणाऱ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये की जगात सगळ्यांचे डोळे सारखे नसतात? मी त्यांना एक खरमरीत ईमेल लिहिली. उत्तर अर्थातच नाही. मग स्वतःच बसले. गेममधली वस्तूंची चित्रं बाहेर काढता येतात. प्रत्येक वस्तूभोवती मी एक जाड पिवळं कडं काढलं, त्याला बाहेरून काळी किनार, आणि चित्रं परत आत घातली. दोन आठवडे लागले. काकांच्या मशीनवर ते टाकलं त्या दिवशी ते काकूंना हाक मारत लहान मुलासारखे ओरडले, "अगं शैला, इकडे ये, इथे खजिनाच खजिना आहे!"

काकू किचनमधून म्हणाल्या, "तो खजिना सोडा आणि कचरा बाहेर ठेवा आधी."

पुढच्या शनिवारी काका म्हणाले, "काय कार्यकर्त्या बाई, तुमच्या कामात एक चूक आहे. या काळ्यात एक कडं राहिलंय."

"कुठल्या काळ्यात?"

"इथे." त्यांनी नकाशाच्या अजून न उघडलेल्या भागावर बोट ठेवलं. मला नुसता काळा स्क्रीन दिसत होता. तिथे काही दिसणं शक्यच नव्हतं, कारण न उघडलेल्या भागात गेम काहीच काढत नाही.

"काका, चष्मा पुसा."

"पुसला. आहे अजून."

ते हट्टाने सरदाराला तिकडे घेऊन गेले. पोचल्यावर तिथे साधं गवत. कडं नाही, वस्तू नाही. मी हसणार एवढ्यात काका म्हणाले, "खणून बघतो." या गेममध्ये प्रत्येक नकाशात एकच गुप्त खजिना पुरलेला असतो. नवीन डाव सुरू झाला की त्याची जागा गेम स्वतः ठरवतो, कुणाला कळत नाही. नकाशाभर विखुरलेल्या खांबांवरून खुणा जमवायच्या आणि मग खणायचं. काकांनी एकही खूण जमवली नव्हती.

त्यांनी खणलं. खजिना निघाला.

"चीट कोड वापरलात," मी म्हणाले.

"मी? अगं मला 'होय' टाइप करायला दोन मिनिटं लागतात."

मी योगायोग म्हणून सोडून दिलं... खोटं कशाला बोलू, सोडलं नाही. नकाशा बहात्तर बाय बहात्तर घरांचा. पाच हजारांवर घरं, त्यातलं नेमकं एक. मला आठवडाभर झोप नीट लागली नाही. आणि आम्हाला शिकवलेलं एकच होतं: कोणी चमत्काराचा दावा केला की चिडायचं नाही, चाचणी घ्यायची. अटी आपण ठरवायच्या, नोंदी ठेवायच्या, दहा वेळा करायचं.

पुढच्या शनिवारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. त्यावर मूळ गेम, माझी कडी काढून टाकलेली. नकाशा प्रत्येक वेळी नवीन. काकांना काही सांगितलं नाही.

ते बसल्या बसल्या म्हणाले, "वस्तूंची कडी काढून टाकलीस का गं? परत गवतात सगळं गेलं." मग स्क्रीन सरकवत सरकवत थांबले. "पण ते एक आहे."

मी वहीत घर क्रमांक लिहिला. मग मुद्दाम नकाशा थोडा डावीकडे सरकवला. डोळ्यातला दोष असेल तर कडं नजरेबरोबर हलेल, नकाशाबरोबर नाही, हा माझा हिशोब.

"आता कुठंय?"

"तिथंच, त्याच घरावर. नकाशाबरोबर सरकलं की."

लांब चालण्याचा चीट कोड मीच टाकून सरदाराला तिथे नेलं, खणलं. खजिना. दुसरा डाव, खजिना. तिसरा डाव, खजिना. काका खूश! "घे, लिही पत्रक," म्हणाले. "खांबेटे महाराज, पार्सिपनीवाले!"

त्या दिवशी ते आणखी एक बोलले. डाव्या डोळ्याच्या कडेला मधूनच वीज चमकल्यासारखं होतं म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं. 'निरीक्षणे' या मथळ्याखाली, तारखेसकट.

तिसऱ्या शनिवारी अजून तीन डाव. दोनांत खणलं, दोन्हींत खजिना. तिसऱ्यात काकांनी घर दाखवलं, पण तेवढ्यात काकूंनी पानं घेतली म्हणून डाव सेव्ह करून ठेवला. जेवताना काका माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "डाव्या डोळ्यात खालून काळा पडदा आल्यासारखं वाटतंय दोन दिवस. शैलाला बोलू नकोस, ती लगेच डॉक्टर डॉक्टर करेल."

आता जे लिहिणार आहे त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मला कळलं होतं की हे बरं लक्षण नाही. आमच्या पत्रकांत मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं: आधी डॉक्टर. मी स्वतः प्रूफं तपासलेली. अंगारा लावत बसून पोराला हॉस्पिटलात उशिरा नेणाऱ्या आईबापांवर मी भर चौकात ओरडलेली आहे. आणि मी काकांना काय म्हणाले? "पुढच्या शनिवारी दहा पूर्ण करू, मग लगेच दाखवू." कारण डॉक्टरने काही केलं आणि कडं दिसायचं बंद झालं तर? माझी चाचणी अर्धवट राहिली असती. काकांनीही मान डोलावली. त्यांना तर मजाच येत होती. आणि संध्याकाळी त्यांनी मला तसंच २८७ हायवेवरून गाडी चालवत पिस्कॅटवेला सोडलं. मी शेजारी बसून वही वाचत होते.

बुधवारी लॅबमध्ये काकूंचा फोन आला. काकांनी सकाळी चहा कपाच्या बाहेर, ओट्यावर ओतला होता. डावा डोळा जवळजवळ पूर्ण काळा. डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटला होता, त्याच दिवशी ऑपरेशन. रूममेटने मला हॉस्पिटलला सोडलं. डॉक्टर काकूंना विचारत होते की वीज चमकणं कधीपासून, पडदा कधीपासून. काकूंना काहीच माहीत नव्हतं. काका गुंगीत. मी बॅगेतून वही काढली आणि तारखा वाचून दाखवल्या.

काकूंनी माझ्या हातातून वही घेतली, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

"तू हे लिहून ठेवलंस," त्या म्हणाल्या.

"काकू, मी..."

"शिकलेली मुलगी तू. कागदावर लिहिलंस, तारीख घातलीस, आणि मला एक फोन नाही केलास?"

डोळा परत आला नाही. उजेड-अंधार कळतो, बस. आठवडाभर आधी आले असते तर बरीच शक्यता होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

नाताळानंतर काका पुन्हा गेम खेळायला लागले, एका डोळ्याने. मी वस्तूंची कडी अजून जाड करून दिली. काळ्यातलं ते कडं मात्र परत कधीच दिसलं नाही. काकांनीच हौसेने बारा डाव बघितले. काही नाही.

राहिला तो सेव्ह केलेला डाव. मी तो उघडायला तयार नव्हते. काका दर फोनवर विचारायचे, "खणलंस का गं?" मी विषय बदलायची. शेवटी फेब्रुवारीत ते चिडले. "हे बघ, पाच झाले, सहावा लपवतेस? ही कुठली तुझी चळवळ?" म्हणाले. बरोबरच होतं. फोन स्पीकरवर ठेवून मी लॅपटॉप उघडला, वहीतल्या घरावर सरदार नेला आणि खणलं.

तुम्ही प्रतिक्रियांमध्ये लिहाल की फाइल कुठेतरी वाचली गेली असेल, काकांना नकळत काही खूण मिळत असेल, मेंदूचे खेळ असतील. लिहा. मी हे सगळं तपासलंय. खजिन्याची जागा फाइलमध्ये असते, पण स्क्रीनवर तिचा एक ठिपकाही येत नाही. आणि कृपा करून कुणी हे 'सिद्धी' वगैरे म्हणून फॉरवर्ड करू नका. मी जे मानत नव्हते ते आजही मानत नाही. कडं काय होतं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. तीन वर्षं झाली, अजूनही नाही.

"सापडलं," मी फोनमध्ये म्हणाले.

"सहापैकी सहा!" काका जोरात हसले. टाळी वाजवल्याचाही आवाज आला.

मागून काकूंचा आवाज आला, शांतच. "आणि डोळा सापडला का, विचारा तिला."

काका हसायचे थांबले. मी वही मिटली.