युवराजांनी चढवलेली जोडवी

९ जून. संस्थानच्या संग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या लिहीत होते. युवराजांनी सोळाव्या वर्षी विलायतेत काढलेली, आवडत्या बॅले नर्तकींची हौशी रेखाटनं. एका चित्रात नर्तकी बसून पाय चोळत होती. तिच्या बोटांवरची पट्टी खोडून युवराजांनी तिथे जोडवी रेखाटली होती. खालची पट्टी पुसट दिसत होती.

व्यवस्थापक म्हणाले, “बाई, ‘कोवळं प्रेम’ लिहा. उद्या राजघराण्यातली मंडळी येताहेत.”

“दुखरा पाय पुसून जोडवी चढवायची, हे प्रेम?”

“नोकरी नकोय का तुम्हाला?”

मला शिसारी आली. कौतुक करणाऱ्यांना नाच हवा असतो, सुजलेली बोटं नकोत.

१० जून. सकाळी मंडळींच्या आधी पोचून मी पाटी लावली: ‘दमलेली नर्तकी. बोटांना पट्टी होती. जोडवी युवराजांच्या मनातली.’