आण्णांच्या कानातलं मशीन

आमच्या आण्णांना कुजबुजता येत नव्हतं. बाकी सगळं यायचं.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. उभा जन्म त्यांनी माधवनगरला यंत्रमागावर काढला. शेडमध्ये खडखडाट एवढा, की शेजारच्या माणसाला 'चहा आलाय' सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. तिथंच त्यांचे कान गेले. आवाज मात्र शाबूत राहिला! माग सुटले, तरी आण्णा बोलायचे ते शेडमधल्याच पट्टीत. मला सायकलवरून शाळेत सोडायचे आणि फाटकातून सांगायचे, "बाळ्याऽ, डब्यात लाडू हाय! कुणाला दावू नगंस!" (तो लाडू मला कधीही मिळाला नाही.) बारावीच्या परीक्षेला ते भर उन्हात केंद्राबाहेर उभे राहिले. पेपर सुरू झाला आणि खिडकीतून आवाज आला, "घाबरू नगंस! पानी पी!" अख्खा वर्ग पाणी प्यायला.

पुढं नोकरी लागली आणि साताऱ्याला मुलगी बघायला गेलो. निघताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओठांवर बोट ठेवून आण्णांना तंबी दिली. आण्णांनी मान डोलावली. साताऱ्याचं ते घर भलतंच शांत! बशीत चमचा टेकला तरी ऐकू येत होता. पोहे आले. पोह्यांमागून अश्विनी आली. आण्णा माझ्याकडे सरकले, तोंडाला हाताचा आडोसा केला आणि अगदी खासगीत म्हणाले,

"बाळ्या! पोरगी लय गुनाची हाय! सोडू नगंस! पोह्यात तेवढा शेंगदाना औषदालाबी न्हाई!"

आत एक भांडं पडलं. समोरच्या गॅलरीत एक बाई काय झालं ते बघायला आली. दादांनी डोळे मिटून घेतले. अश्विनी फिसकन हसली, आत गेली आणि तिनं वाटीभर शेंगदाणे आणून आण्णांपुढं ठेवले.

लग्न ठरलं! "मी होकार आजोबांना दिला," ती मला नंतर म्हणाली, "तुम्ही तर काही बोललाच नव्हता."

साखरपुडा आमच्या घरी होता. मी विचार केला, आण्णांना कानाचं मशीन आणावं. पण साधं आणून देईन तर मी कसला? सगळ्यांना चकित करायचं म्हणून मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. सकाळी गुपचूप मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि वरून टोपी ओढली. आण्णा दचकले. वर बघत म्हणाले, "ह्यो पंखा असा वाजतो व्हय?"

आणि हे ते हळू म्हणाले! आण्णांचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "कार्यक्रमात सांगू सगळ्यांना," मी म्हटलं. ते लहान मुलासारखे हसले.

आता आमच्या घराची रीत अशी, की आण्णांसमोर काहीही बोलायचं. ते माजघरात खुर्चीवर बसलेले असायचे, पण कपाटासमोर बोलावं तसं सगळे त्यांच्यासमोर बोलायचे.

"म्हातारं परत काय तरी बोलंल बघा," काकू म्हणाली.

"नवं धोतर देऊ त्यांना," आई म्हणाली, "पण पुढं नको बाई बसवायला."

मी आईला डोळे मोठे करून दाखवले. "डोळ्यात काय गेलं का रं?" म्हणून तिनं पदराचा बोळा करून फुंकर घातली. मी खोकलो. तिनं सुंठ दिली! तेवढ्यात दादा आले. "आण्णांना मागं आचाऱ्यापाशी बसवा. साताऱ्याची मानसं हायत. परत शोभा नको."

मी दादांची बाही ओढली. "थांब रं, कामात हाय मी!"

आण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, मशीनचं बटण चुकून बंद झालं असावं. देवा, बटण बंदच असू दे!

पाहुणे आले. अश्विनीनं आल्या आल्या विचारलं, "आजोबा कुठं आहेत?" मी मागच्या दारी धावलो. नवं धोतर नेसलेले आण्णा पोत्यावर बसून आचाऱ्याला लसूण सोलून देत होते.

"आण्णा, चला की आत."

ते इतकं हळू बोलले, की मला वाकावं लागलं. "हितं बरं हाय रं. मशीन लय झ्याक हाय तुझं. समदं आयकू येतंय."

दादा माझ्या मागंच उभे होते. ते ऐकून तिथंच उंबऱ्यावर बसले.

शेवटी अश्विनीनं हाताला धरून आण्णांना पुढं आणलं. ते बसले, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पुढंही कधी ओरडले नाहीत. 'बाळ्यानं आनलंय' म्हणून मशीन मात्र रोज घालायचे. दादांनी, आईनं, काकूनं नंतर त्यांना कितीही पुढं बसवलं, तरी ते गप्पच असायचे. मला फार वाईट वाटतं. एवढा मोठा आवाज मी बंद पाडला, तोही गॅरंटीसकट!

गेल्या वर्षी आण्णा गेले. परवा आमच्या मुलीचं बारसं होतं. कपाटात मशीनची डबी सापडली. आण्णांना काय ऐकू येत होतं बघावं म्हणून डबीतलाच सेल बसवून मी ते कानात घातलं. पंखा खरंच भयंकर वाजत होता. मग स्वयंपाकघरातून अश्विनीचा आवाज आला,

"आई, ह्यांना पुढं नको हं बसवायला. विनोद करत सुटतात आणि कुणीही हसत नाही."

"आचाऱ्यापाशी बसव," आई म्हणाली.

मी मशीन काढून डबीत ठेवलं आणि मुकाट्यानं मागच्या दारी गेलो. आचारी तोच होता. मी पोत्यावर बसलो आणि लसूण सोलायला घेतला. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि गड्डा माझ्या हातातून काढून घेतला.

"आण्णांची गोष्ट येगळी हुती, सायेब. तुमी आपलं पुढंच बसा."