लाल गराची पपई

अमरावतीहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी पुण्यात शिरली, तेव्हा शेजारची मुलगी मोबाइलवर आईला सांगत होती, "पोचले गं, डायरेक्ट ऑफिसलाच जाते." आमच्याकडची कितीतरी मुले आता अशीच इकडे येतात. मी मात्र वैजयंतीकडे आले होते. कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र एकत्र शिकलो. तिचे यजमान श्रीधरराव पावसाळ्यात गेले, आणि आता त्यांची पपईची झाडेही जाणार होती.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पोहे खाताना तिने सगळे सांगितले. गावठी पिवळी पपई रोगाला दाद देत नाही. तिच्यात श्रीधररावांना लाल गर आणायचा होता. लाल रंग टोमॅटोतलाच, लायकोपीनचा. पिवळ्या पपईत एक विकर (शरीरातले रासायनिक बदल घडवणारे प्रथिन) लायकोपीनचे पिवळ्या रंगद्रव्यात रूपांतर करते. लाल जातीत त्या विकराचे जनुक बिघडलेले असते, म्हणून काम लायकोपीनवरच थांबते. मात्र आईबापांपैकी एकाकडून जरी चांगले जनुक मिळाले तरी गर पिवळाच. संकराची पहिली पिढी त्यामुळे पिवळी निघाली. दुसऱ्या पिढीत चारात एखादे झाड लाल निघायला हवे होते.

"फुलं यायच्या आत हे गेले," वैजयंती म्हणाली. "परके पराग येऊ नयेत म्हणून कागदी पिशव्या मीच बांधल्या. झाडं बबनरावांच्या रानात आहेत, आणि आता त्यांनी ते रान बिल्डरला दिलंय. आयटीवाल्यांसाठी इमारती होणार."

रिक्षाने विश्रांतवाडीच्या पुढे पोचलो, तर बबनराव रस्त्यातच उभे. "ताई, मशिन उद्या येनार व्हतं, ते आजच आलं. निम्मं रान सपाट झालंय. मी लई सांगितलं, पर आता रान माझं कुठं हाय?"

चपला हातात घेऊन वैजयंती आडव्या पडलेल्या झाडांत शिरली. आम्ही पिशवीतल्या फुलांची, खुणेचा दोरा बांधलेली फळे शोधू लागलो. तुटलेल्या देठांचा चीक हातांना लागून आग होत होती. मशीनवाला थोडा वेळ थांबला, मग घड्याळ दाखवू लागला. मिळाली तेवढी फळे पोत्यात भरली. सगळी हिरवी. रंग पिकल्यावरच कळणार होता. बबनरावांच्या घरी माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) मिळाले. ते तिघांनीही खाली मान घालून प्यायले.

मग वाट पाहणे आले; मी वैजयंतीकडेच थांबले. फळे वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. एकेक पिवळे पडले, की वैजयंती सुरी घेऊन बसायची. पहिले पिवळे. दुसरेही पिवळेच. पुढचे आतून सडलेले. एकदा ती म्हणाली, "तूच काप. मला नाही बघवत."

मी कापले. गर लालभडक होता.

तिने फोड हातात घेतली, कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली. मग खाल्ली. "रंग आला," ती म्हणाली. "गोडी नाही. काकडी बरी." आणि रडू लागली. रडतारडता तिने सगळी पपई संपवली. मला एकच फोड दिली.

बसवर सोडायला आली तेव्हा तिने वाळवलेल्या बिया माझ्या हातात दिल्या. मी म्हटले, "अंगणात लावीन, त्यांची आठवण म्हणून."

"आठवण बिठवण नको," ती म्हणाली. "तुमच्याकडच्या गोड पपईशी संकर कर."

आता माझ्या अंगणात ती झाडे फुलली आहेत. आज सकाळी त्यांचे पराग मी आमच्या गोड, पिवळ्या पपईच्या फुलावर ठेवले आणि पिशवी बांधली. पुण्याहून मी दुःख वाटून घेऊन येईन असे वाटले होते. आले ती काम घेऊन. पहिली पिढी पिवळीच निघणार. त्यानंतरची पाहायला वैजयंतीने यायचे आत्ताच कबूल केले आहे.