मित्राचे काळे बूट

काल कपाट आवरताना लेकीचे उंच काळे बूट सापडले. पॉलिशचा वास आला आणि मी लॉकडाऊनमधल्या, नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या घरातल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

माझी लेक मित्रा, तेव्हा पंधरा वर्षांची, बुटांना पॉलिश करत होती. समोर लॅपटॉप. तिची डच मित्रमंडळी आपापल्या घरून कॉलवर, सगळे मिळून एक ब्रिटिश सिनेमा बघत होते. टक्कल केलेल्या, असेच बूट घालणाऱ्या टोळीत एक एकटा मुलगा सामील होतो, असा. मी मागे मेथी निवडत होते. टोळी एका आशियाई दुकानदाराला घाण बोलू लागली, तेव्हा कॉलवर कुणीतरी हसलं.

मित्रानं सिनेमा थांबवला. डचमध्ये विचारलं, "कोण हसलं? तो माझा बाबा असू शकला असता."

एक मुलगा म्हणाला, "मी. सॉरी."

"बरं," म्हणून तिनं सिनेमा पुढे सुरू केला. एवढंच!

अभिमान वाटायला हवा होता, पण माझा जळफळाट झाला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि त्याचा मला तोरा आहे. पण हॉस्टेलवर माझं आडनाव कळल्यावर मैत्रिणींनी माझा पेला वेगळा ठेवला, वर विनोद केला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते.

कॉल संपल्यावर मित्रानं विचारलं, "आई, माझ्या जागी तू काय केलं असतंस? ऑनेस्टली सांग."

"हेच," मी म्हणाले.

काल ते बूट देऊन टाकणार होते. पुसून परत ठेवले. मित्रा घरी आली की त्या पेल्याचं सांगायचंय.