केंटच्या गव्हातली वाट
सोलापूरच्या बाजारात नव्या गव्हाचा वास आला, की इंग्लंडातल्या केंट परगण्यातली एक सकाळ आठवते. सत्तरच्या दशकात, शाळा अर्धवट सोडून तिकडं गेलेला मी, कारखान्यात पहिल्याच दिवशी उशीर होणार म्हणून घामाघूम झालो होतो. सोबतचा होटगीचा दोस्त पवनचक्कीपाशी सडक सोडून थेट उभ्या गव्हात शिरला. “अरं, मालक बडवंल की!” “न्हाय रं, हितनं समद्यांची वाट हाय! हिकडं कायदाच हाय, शेतातनं जुनी पायवाट आसंल तर मालक आडवू शकत न्हाय.” तेवढ्यात समोरून शेताचा मालकच आला. मी झटकन बूट काढले. धान्यात पायताण घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दोस्तानं ते सांगताच म्हातारा पोट धरून हसला. त्यानं आम्हाला शेताच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या ट्रॅक्टरवर घेतलं आणि भोंग्याआधी कारखान्याच्या दारात सोडलं. बूट माझ्या हातातच! आजही बांधावर चपला काढताना वाटतं, मागून तो ट्रॅक्टर येईल.