मालकांची मॅट्रिक
काल सुनंनं लुगड्याला खळ घातली. पेजंचा वास नाकात शिरला आन् मला मालकांचा पांढरा कोट आठवला. सांगलीत कालिजात शिकवायचं मालक, पर सवता शिकल्यालं चळवळीतल्या राष्ट्रीय शाळंत, आन् तितली पदवी इंग्रज सरकार मानायचं न्हाई. एक दिवस कालिजाच्या मोठ्या सायबानं सांगितलं, "मॅट्रिकपासनं सगळ्या परीक्षा परत द्या, न्हाईतर नोकरी सोडा." पदरात लेकरं, नोकरी सोडून खायाचं काय? सांगलीत कोनतरी वळखंल म्हनून मालकांनी साताऱ्याला नाव घातलं. मी कोटाला खळ घातली, भाकरी बांधली आन् संगं गेले. शाळंच्या दारात मिसरूड न फुटल्याली पोरं उभी. त्यातलं एक आमच्याच आळीतलं निघालं, मामाच्या घरी ऱ्हाऊन परीक्षा देनारं. त्ये पाया पडलं. "सर, आज तुमी हितं परीक्षेच्या पहाऱ्यावर व्हय?" मालक हसलं. "न्हाई रं गड्या, तुज्या मागच्या बाकावर हाय." मी दिसभर लिंबाखाली बसून ऱ्हायले. सांजचं मालक बाहेर आलं तवा घामानं कोट पाठीला चिकटल्याला. "आवं, अवघड हुतं का?" "कालिजात शिकवतो त्यापरास लय सोपं," म्हनलं, आन् भाकरी न खाताच गाडीत बसलं. मॅट्रिक पास झालं, पुढच्या परीक्षाबी दिल्या, नोकरीबी ऱ्हायली. पर तवापासनं घरात लेकरास्नी काय शिकवाय लागलं की मधीच थांबायचं आन् माज्या तोंडाकडं बघायचं, बरोबर हाय का म्हनून. मला तर अजून सहीबी येत न्हाई. तरी मी मान हलवायची, तवा कुटं पुढचं बोलायचं.