दीपनगरचा धूर आणि बांधावरची लाट

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती, आणि खरं सांगते, मला फारसं नवल वाटलं नाही. लाट कशी उठते, कुठे मोडते, तिच्यावर कधी चढायचं, हे सगळं मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. खानदेशातली बाई लाटांच्या गोष्टी सांगायला लागली की लोक हसतात. हसू देत.

हतनूरचं धरण भरलं आणि त्याचं पाणी मागे फुगत फुगत आमच्या शिवारापर्यंत आलं. आमचं खालचं शेत बुडालं. वडील बरेच दिवस त्या बाजूला बघत नसत. आम्हा भावंडांचं मात्र फावलं. बुडालेल्या शेताचा बांध पाण्याखाली तसाच उभा होता. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की लांबवरून लाटा चालत यायच्या, त्या बांधाला अडखळायच्या, उंच व्हायच्या आणि पांढऱ्या होऊन काठाकडे धावत सुटायच्या. बांधावर पाणी फार असलं तर लाट उठायचीच नाही. कमी असलं तर तिथेच आपटून संपायची. बांधावर उभं राहून पाणी कमरेला लागलं की समजायचं, आता फक्त वारा हवा.

वाऱ्याची खबर आम्हाला दीपनगरचा धूर द्यायचा. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवरून, स्पष्ट दिसत. सकाळी उठलं की दात घासत घासत मी आधी तिकडे बघायची. धूर सरळ वर गेला तर पाणी ताटासारखं. थोडा झुकला तर नुसत्या सुरकुत्या. पण भुसावळच्या दिशेने आडवा पडला तर माझ्या अंगात यायचं, कारण सकाळी वर दिसलेला तो वारा उन्हं तापली की खाली पाण्यावर उतरायचाच. रेडिओवरच्या हवामानापेक्षा माझा त्या धुरावर जास्त विश्वास होता.

तराफा आम्ही केळीचा करायचो. घड कापल्यावर बागेत खांब पडलेलेच असत. तीन खांब शेजारी ठेवायचे, आरपार बांबूच्या खुंट्या ठोकायच्या आणि वर पोतं बांधायचं, नाहीतर पाय घसरतो. एकाने तराफ्यावर पालथं पडायचं आणि दुसऱ्याने बांधावर उभं राहून नेमक्या वेळी मागून धक्का द्यायचा. धक्का चुकला की लाट पुढे निघून जाते आणि आपण मागे तोंड पाडून बसतो.

पालथी पडून मी कितीदा तरी काठाला आले होते. पण उभी? कधीच नाही. माझे दोन्ही भाऊ उभे राहून यायचे आणि वर मला म्हणायचे, "तुले नाही जमायचं वं, तू आपली झोपूनच ये." मला एवढा राग यायचा की रात्री अंथरुणातसुद्धा पाय कसे टाकायचे ते मी मनात घोकायची.

आणि तशातच माझं लग्न ठरलं, माघातलं. गाव नरडाणा. तिकडे विहिरीला पाणी असलं तरी लोक खूश, लाट कुठून आणायची? म्हणजे जे काही उभं राहायचं होतं ते या पौषातच. एकदा हळद लागली की कोण जाऊ देणार होतं मला पाण्यावर! मी रोज धाब्यावर चढत होते आणि तो मेला धूर रोज सरळ आभाळात जात होता.

मग एका सकाळी धूर आडवा पडला. आडवा म्हणजे कसा, चिमणीच्या तोंडापासून जमिनीला समांतर, सरळ भुसावळकडे. थंडी अशी होती की हांड्याला हात लावला तरी बोटं आखडत होती. मी धाब्यावरच एक उडी मारली. आणि नेमके त्याच दिवशी नरडाण्याचे पाहुणे बस्त्यासाठी येणार होते! भाऊ बैलगाडी घेऊन त्यांना आणायला फाट्यावर निघून गेले होते.

"आज तरी घरात बस वं," आई म्हणाली. "पाहुणे येऊन राह्यले."

"जेवायला केळीची पानं नको का? तोडून आणते," म्हटलं आणि भावाचा जुना शर्ट-पायजमा पदराखाली दडवून मी सुटले.

पाण्यावर लाटांमागून लाटा येत होत्या. मी कपडे बदलून तराफा ओढत आत शिरले तर ते गार पाणी अंगाला चावलं. बांधावर गेले, पाणी बरोबर कमरेला. सगळं जुळलं होतं, फक्त धक्का द्यायला कोणी नव्हतं. एकटीने दोनदा प्रयत्न केला, दोनदा लाट पुढे निघून गेली. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात काठावर एक म्हातारबाबा दिसले. धोतर, टोपी, खांद्यावर शाल, तोंड उघडं ठेवून पाण्याकडे बघत होते. केळीच्या बागा बघत फिरणारे व्यापारी आमच्याकडे नेहमी येत. त्यातलेच एक असतील असं मी धरून चालले.

"आबा!" मी ओरडले. "या ना इकडं! धक्का द्यायचा आहे!"

"माले सांगी राहिनी का?"

"मग काय त्या बगळ्याला सांगते?"

त्यांनी जोडे काढले, शाल ठेवली, काष्टा खोचला आणि आत आले. पाणी पोटाला लागलं तेव्हा त्यांनी देवाचं नाव घेतलं. पहिला धक्का उशिरा दिला. "आबा, सकाळी जेवला नाहीत का?" मी खेकसले. दुसरा एवढ्या जोरात दिला की मी डोक्यावर आपटले. "लाट बघा, मला नका बघू! ती फुगली की द्या!"

तिसऱ्या वेळी मागून पाणी चढल्याचं तराफ्याखाली कळलं, त्याच क्षणी त्यांचे दोन्ही हात लागले, आणि मी उठले. एक पाय, मग दुसरा. पोत्याचे धागे तळव्यांना लागले. काठ माझ्याकडे पळत येत होता, कानात वारा वाजत होता आणि मी उभी होते! उभी! थेट चिखलात जाऊन आदळेपर्यंत मी उभी होते. मागे आबा पाण्यात दोन्ही हात वर करून ओरडत होते.

काठावर मी नाचत होते. आबा बाहेर आले, बसले आणि शालीने पाय पुसू लागले. मी सहज खाली पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. उजव्या पायाचा अंगठा आडवा वळलेला, बैलाने पाय दिल्यासारखा.

हा अंगठा मी ओळखत होते. मला बघायला आले तेव्हाही, साखरपुड्यातही, मी मान वर केली नव्हती. रीतच तशी. नवऱ्याचा निदान फोटो तरी होता. सासऱ्यांचे मी फक्त पाय पाहिले होते. डोक्यावर पदर घ्यायला माझा हात गेला, पण पदर कुठला! भावाच्या शर्टाची ओली कॉलर हाताला लागली.

आबा उठले. "चाल बेटा," म्हणाले. "तुन्ही माय वाट दखत व्हई. माले पाणी दखानं व्हतं म्हणी मी गाडीवरथून पहिलेच उतरनू."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही वेळा पाहिला होता. म्हणजे मी हाक मारली तेव्हाच त्यांना कळलं होतं, कळूनही ते पाण्यात उतरले होते.

मी मागच्या दाराने घरात शिरले, ते पुढून. वडिलांनी काळजीने विचारलं, धोतर कसं भिजलं? "पाय धुवाले गयथू, सटकनू," आबा म्हणाले. मी मान खाली घालून पानांवर वाढत होते आणि तो वाकडा अंगठा थरथरत होता, थंडीने की हसू दाबल्याने कोण जाणे. तरी अक्षता पडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

नरडाण्याचा पहिला हिवाळा. मी चुलीपुढे बसले होते, मन कुठेच लागत नव्हतं. दार एकाएकी आपटलं. आबा अंगणातून आत आले, डोळे नुसते चमकत होते.

"बेटा, वारा सुटेल शे. तठे धूर आडवा पडेल व्हई. बॅग भर, भुसावळनी गाडी शे."

सासूबाईंनी पोळपाटावरून मान वर केली. "आते काय काम शे तिन्हं माहेरले?"

"तिन्हं नही, मन्हं काम शे," आबा जोडे घालत म्हणाले. "औंदा धक्का ती देई."